बंदराकडचा कान

गेल्या रविवारी सकाळी, इथे चौलात, माझ्याच पडवीत माझ्याच कानाने माझी चहाडी केली.

धाकू न्हावी दर रविवारी माझी दाढी करायला येतो. एक गाल झाला की तंबाखू मळत बसायची त्याची खोड. त्या खोडीवर मी आजवर इतके विनोद केले आहेत की माझ्या शाळेतल्या पोरांनाही ते पाठ झालेत...

त्या दिवशी मात्र त्याने तंबाखू काढलीच नाही. उजव्या गालाला वस्तरा लावला, कानामागे बोटं रोवून कातडी ताणली, आणि तेवढ्यात रेवदंड्याकडून मुंबईच्या बोटीचा भोंगा आला. धाकूने वस्तरा एकदम वर उचलला.

"मास्तर, हलू नका."

"मी कुठे हललो?"

"तुम्ही न्हाय. कान हलला."

"मी काय बैल आहे का रे?"

"बैलाचे दोन्ही हलतात. तुमचा एकच. बंदराकडचा."

या गावात मला उत्तर देणारा कोणी उरलेला नाही, अशी माझी समजूत होती. मी हात वर करून तो कान चाचपून पाहिला...

हे कानाचं शास्त्र मला माझ्या मुलीने, शांतेने शिकवलं. ती मुंबईला हॉस्पिटलात नर्सचं काम शिकते. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा तिने सगळ्या आळीला आपापल्या शरीरातल्या जुन्या अडगळीची ओळख करून दिली होती.

माकडहाड म्हणजे गेलेल्या शेपटीचा बुंधा. थंडीने काटा येतो, तो आपण केसाळ होतो तेव्हाचा. आणि कानामागे बारीक स्नायू असतात... जनावरं त्यांनी आवाजाकडे कान वळवतात, माणसाचे कधीच निकामी झाले. "इथे असतात, बाबा," म्हणून तिने माझ्या कानामागे बोट ठेवून दाखवलं होतं.

त्याच संध्याकाळी ओटीवर चार मंडळी बसली होती. कोणीतरी तिच्या लग्नाचा विषय काढला. लोक हसल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, म्हणून मी म्हणालो, "आमच्या घरातही एक निकामी अवयव आहे. बावीस वर्षांचा, बिनलग्नाचा!"

मंडळी पोट धरून हसली. शांता चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने एकेकाच्या हातात कप दिला, मलाही दिला, आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेली.

त्याला दोन वर्षं झाली. तिचं पत्र नाही, माझंही नाही. तिची आई त्याआधीच गेलेली, त्यामुळे घरात आता मी आणि भिंतीवरचं घड्याळ... ते माझ्या विनोदांना हसत नाही. कोणी विचारलंच तर सांगतो, पोरगी कामात असते, आणि मी काही कोणाची वाट बघत बसलेलो नाही.

धाकूने वस्तरा पुसला. "आजचं न्हाय हे, मास्तर. दोन वर्सं झाली. भोंगा झाला की हा कान उडतो. म्हणून तर भोंगा होईस्तवर मी या गालाला हात लावत न्हाय. आज लगनाला जायचं, म्हणून घाई केली."

म्हणजे तंबाखू...

दोन वर्षं ज्याच्या आळशीपणावर मी गावभर हशा पिकवत होतो, तो माझं रक्त निघू नये म्हणून तंबाखू मळत बसत होता. आणि त्याने एकदाही विचारलं नाही, मास्तर, कोणाची वाट बघता.

त्या दुपारी शांतेला कार्ड लिहायला बसलो. पहिली तीन फाडली... तिन्ही फार छान जमली होती. चौथ्यात एकही विनोद घातला नाही, त्यामुळे ते फारच लहान झालं. "चूक माझी होती. रविवारच्या बोटीने ये. मी बंदरावर असेन."

आज रविवार. उत्तर आलेलं नाही. बोट नेहमीसारखी पुढे जंजिऱ्याला, नबाबाच्या मुलखात निघून जाईल, आणि कदाचित रेवदंड्याला फक्त नारळाची रिकामी पोतीच उतरतील, हे मला ठाऊक आहे.

धाकू मघाशी आला. म्हटलं, "आज राहू दे रे, मी बंदरावर चाललोय."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "असल्या तोंडानं? बसा खाली. भोंग्याला येळ हाय, दोन्ही गाल करतो."

तंबाखूची डबी त्याने कनवटीतून काढलीसुद्धा नाही. गुळगुळीत दाढी करून, हे एवढं लिहून, आता निघतोय... उपकार कोणाचे मानावेत ते आज मला नीट कळलंय, पण धाकूसमोर बोलायला गेलो तर पुन्हा विनोदच निघेल, म्हणून इथे लिहितो.