समेटबाईंची तिसरी खोली

कोर्टात त्यांना सगळे समेटबाई म्हणायचे. तोंडावर वकीलबाई आणि पाठ वळली की समेटबाई, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. धंद्यातले भागीदार एकमेकांच्या जिवावर उठले की न्यायाधीशसुद्धा कंटाळून सांगायचे, जा बाबांनो, आधी बाईंकडे जाऊन या. मग ते दोघे फुरंगटलेले, एक कठड्याला आणि दुसरा भिंतीला चिकटून, औषधांच्या दुकानावरचा तो अरुंद जिना चढून यायचे. वर तीन खोल्या आणि मधून लांबलचक पॅसेज. एकाला पहिल्या खोलीत बसवायचं, दुसऱ्याला समोरच्या, आणि बाई दिवसभर ये-जा करायच्या. याचा निरोप त्याला, त्याचा याला. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडायचे, पण बहुतेक वेळा सह्या होऊन जायच्या.

तिसरी खोली पॅसेजच्या टोकाला होती आणि तिचं दार बंद असायचं.

आता निरोप पोचवणं म्हणजे काय खायचं काम आहे होय? एकदा एक जण आणि त्याचा सख्खा मेहुणा आले होते, दोघांची मिळून लाँड्री. पहिला म्हणाला, त्याच्या थोबाडाकडे बघायची इच्छा नाही माझी. बाईंनी पॅसेज ओलांडला आणि मेहुण्याला सांगितलं की, काही दिवस जरा लांब राहिलेलं बरं असं त्यांना वाटतंय. मेहुणा एकदम विरघळला. म्हणाला, माझंही तेच मत आहे, एवढं तरी एकमत झालं म्हणायचं. दुपारच्या चहाला दोघे एकाच बाकावर बसले होते! बाईंची सगळी करामत त्या पॅसेजमध्ये होती. शिव्या, टोमणे, तळतळाट, सगळं तिथेच टाकायचं आणि कामापुरतं तेवढं आत न्यायचं.

पण टाकलेलं जातं कुठे? ते काही हवेत विरून जात नाही. बाई घरी चहा गाळत असायच्या आणि कानाशी स्पष्ट यायचं, 'हरामखोर'. कोणी कोणाला म्हटलं होतं तेही आठवायचं नाही, नुसता आवाज. भाजी निवडताना, वेणी घालताना, कधी देवासमोर हात जोडले असतानाही. पक्षकार कधीच मिटवून, हातात हात घालून गेलेले, आणि त्यांचं भांडण मात्र बाईंच्या घरात मुक्कामाला. नवरा विचारायचा, कोणाशी बोलतेस गं? कोणाशी नाही, म्हणून त्या वेळ मारून न्यायच्या. खरं तर घरीही त्यांचा तोच उद्योग होता. मुलगा फोनवर फटकन सांगायचा की मला यायला जमणार नाही, आणि बाई नवऱ्याला सांगायच्या, बघतो म्हणालाय. नवरा हसायचा. इतक्या वर्षांत त्याला 'बघतो'चा अर्थ चांगला कळला होता.

हे सगळं एका माणसाला मुळीच खपायचं नाही, आणि ते माणूस तिसऱ्या खोलीत बसायचं. बाईंची मैत्रीण. कॉलेजपासूनची, आणि वकिलीतली भागीदार. खालच्या पाटीवर अजून दोघींची नावं आहेत, मैत्रिणीचं आधी, कारण तसं तिनेच भांडून घेतलं होतं. बाई जेवढ्या मवाळ तेवढी ती जहाल. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ. तुम्ही अर्ध्यात असाल तोवर तिचं उत्तर तयार, आणि नुसतं तयार नाही, तुमच्या तोंडावर फेकलेलं. न्यायाधीशांनाही तिने मध्येच तोडलेलं होतं, लोकांचं काय घेऊन बसलात.

एके दिवशी तिने पॅसेजमध्ये उभं राहून बाईंचा एक निरोप दोन्ही बाजूंनी ऐकला. याने काय सांगितलं आणि त्याला काय पोचलं, दोन्ही. मग जी पेटली! तू समेट करत नाहीस, तू थापा मारतेस, असं तिने सरळ तोंडावर सांगितलं. बाईही त्या दिवशी इरेला पेटल्या. म्हणाल्या, तुझ्या खऱ्यापायी किती संसार मोडले ते मोज एकदा. त्यावर मैत्रीण म्हणाली की यापुढे माझ्याशी कारकुनामार्फत बोलायचं, निदान तो तरी जसंच्या तसं पोचवेल. आणि खोलीत जाऊन तिने धाडकन दार लावून घेतलं.

झालं. दोघी एकाच छपराखाली, आणि मध्ये बिचारे कारकूनकाका. मॅडम म्हणतात ती फाईल द्या, मॅडम म्हणतात घेऊन जा म्हणावं. एक-दोनदा बाई त्या दारापर्यंत गेल्या होत्या. आतून खुर्ची करकरायची, चष्म्याची डबी खट्कन मिटायची, आणि बाई परत फिरायच्या. येईल की ताळ्यावर, कुठे पळून चाललीय. आणि ती चाललीच. बाजारात भाजी घेताना कोसळली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेली. भांडण अर्धवट टाकून गेली. बाईंना दुःख झालंच, पण त्याहून जास्त राग आला. हे काय वागणं झालं? उत्तर ऐकून घ्यायला तरी थांबायचं.

तेव्हापासून ते दार कोणी उघडलं नव्हतं. लोकांना वाटायचं, बाईंना तिची आठवण सहन होत नाही. साफ चूक. बाईंना आतून ऐकू यायचं. पॅसेजमधून जाताना खुर्ची करकरायची. एखादा निरोप फारच गोड झाला की डबी खट्कन मिटायची आणि बाईंच्या मानेवर काटा यायचा. दार बंद होतं तोवर ती आत होती, फुगून बसलेली, बोलत नाही म्हणून बोलत नव्हती. दार उघडलं तर काय दिसेल, हा विचार बाई मनात येऊच द्यायच्या नाहीत. किल्ली त्यांच्या पर्समध्ये असायची आणि पर्स कायम खांद्याला.

अशात खुर्चीवाल्यांचं प्रकरण आलं.

दोघे मिळून सोफे, खुर्च्या, गाद्या भरून द्यायचे. एक कापड बेतायचा, दुसरा शिवायचा, दोघे एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना, जन्मभर. मग शिवणाऱ्याची नजर गेली आणि तो म्हणाला, पुरे आता, माझा हिस्सा वेगळा कर. बेतणाऱ्याला ते लागलं. बोलणं वाढलं, शिवणारा कोर्टात गेला, आणि जाताना दुकानातली मोठी कात्री घरी घेऊन गेला. दोघांनी मिळून घेतलेली कात्री ती. बेतणाऱ्याने रागाच्या भरात कोर्टाला लेखी उत्तर दिलं आणि त्यात एक शब्द घातला: चोर. दुकानाला कुलूप लागलं. आणि मग शिवणारा वारला. त्याच्या जागी दाव्यात मुलगी उभी राहिली.

समेटाचा तो शेवटचा दिवस होता. आज मिटलं नाही तर पुढच्या तारखेला दुकान विकायचा हुकूम निघणार, हे दोघांनाही माहीत होतं. मुलगी समोरच्या खोलीत बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीत ती कात्री. तिचं म्हणणं सरळ होतं. दुकान काकांनीच चालवावं, हिश्श्याचं सावकाश बघू, कात्रीही घेऊन जा म्हणावं. फक्त वडिलांना चोर म्हटलंय ते मागे घ्या. एवढं झालं की मी सही करते, आणि ते झालं नाही तर दुकान राहिलं काय आणि विकलं काय, मला सारखंच.

बाईंना वाटलं, सुटलं. इतकी सोपी मागणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या पहिल्या खोलीत आल्या. म्हातारा बेतणारा बोटांनी टेबलावरचं कापड चाचपत बसला होता, सवयीने. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तो शब्द त्याला स्वतःलाच बोचत होता, लिहिला त्या दिवसापासून. पण तो म्हणाला, "बाई, मी तिला चोर म्हटलेलं नाही. ज्याला म्हटलं त्याच्यापुढे मागे घेईन. पोरीपुढे घेऊन काय उपयोग? त्याला कसं कळणार?"

बाईंनी समजावलं, विनवलं, कायदा सांगितला. म्हातारा ढिम्म. शेवटी त्याने विचारलं, तुमच्याकडे तिसरी खोली आहे ना? त्याला तिथे बसवा. मी तुला चोर म्हटलं ते माझं चुकलं, शब्द मागे घेतो, एवढा माझा निरोप नेऊन सांगा आणि तो काय म्हणतो ते मला येऊन सांगा. तुम्ही दिवसभर हेच करता ना?

वेडा झालाय म्हातारा, असं बाईंच्या मनात आलं. दुसरी एखादी जागा दाखवून, गॅलरीत जाऊन, काहीतरी सांगून त्याचं समाधान करणं त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता. पण त्याने दाराकडे बोट केलं होतं आणि तो डोळे लावून बसला होता. समोरच्या खोलीत मुलगी पिशवी आवळून बसली होती. बाईंनी पर्स उघडली. किल्ली पार तळाशी गेली होती, सापडायला वेळ लागला. कारकूनकाका बाकावरून उठून उभे राहिले.

दार फुगलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आत कोंदट वास. टेबल, त्यावर चष्म्याची डबी, मिटलेली. खुर्ची जरा मागे सरकवलेली, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी, आणि बैठक एका बाजूला खचलेली. ती नेहमी कलून बसायची, भांडायला सोपं पडतं म्हणायची. बाई समोर उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याचा निरोप द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हा निरोप मऊ करायची गरजच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निरोप होता तसा सांगितला.

"मी तुला चोर म्हटलं, ते माझं चुकलं. शब्द मागे घेतो."

मग त्या थांबल्या. खालून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. खुर्ची करकरली नाही. डबी मिटलेली होती ती तशीच राहिली.

बाई परत आल्या तेव्हा म्हातारा उभा होता. काय म्हणाला? त्याने विचारलं. आणि बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं बरं का! त्यांनी माफ केलंय, म्हणाले जाऊ दे, दुकान सांभाळ. एका श्वासात सांगून टाकता आलं असतं. म्हाताऱ्याने ते ऐकून डोळे पुसले असते आणि सही केली असती. पण आत्ताच ती खोली पाहून आल्यावर ते त्यांच्या तोंडून निघेना.

"काही म्हणाले नाहीत," बाई म्हणाल्या.

 म्हाताऱ्याचा सगळा चेहरा सैलावला आणि तो हसायला लागला, हसता हसता डोळ्यांतून पाणी. "तोच आहे," तो म्हणाला. "बाई, जन्मभर असाच. मी काही म्हटलं की मान खाली घालून शिवत बसायचा. पटलं नाही तरच तोंड उघडायचा." त्याने खिशातून पेन काढलं.

समेटाच्या कागदावर आधी 'चोर' हा शब्द मागे घेतला, मग सह्या झाल्या. मुलीने कात्री टेबलावर ठेवली, म्हाताऱ्याने ती उचलून परत तिच्या पिशवीत घातली. म्हणाला, राहू दे पोरी, मला लागली की मागायला येईन, तेवढंच येणं होईल. ती काका म्हणून त्याच्या गळ्यात पडली. दोघे जिना उतरून गेले, या वेळी एकाच बाजूने.

बाई पुन्हा पॅसेजच्या टोकाला गेल्या. दार उघडंच होतं. आत जाऊन त्या मैत्रिणीच्या खुर्चीसमोर पक्षकाराच्या खुर्चीत बसल्या.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं सांगितलं आज. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

उत्तर आलं नाही. बाई वाट बघत राहिल्या. म्हाताऱ्याच्या माणसाला गप्प राहणं शोभत होतं. हिला कसं शोभेल? हिने या जन्मात कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. बाईंनी अजून थोडं सांगून पाहिलं. माझंही चुकत होतं, म्हणाल्या. त्यावरही काही नाही. मग त्या मुद्दाम, तिला डिवचायला, मोठ्याने म्हणाल्या, "पण खरं सांगू? त्या दिवशी चूक तुझीच होती. सगळी तुझीच."

हे ती खपवून घेणं शक्यच नव्हतं. शेवटचा शब्द बाईंच्या तोंडात असतानाच ती उसळली असती, टेबलावर हात आपटला असता, बाप काढला असता. बाईंनी पूर्ण वाक्य बोलून संपवलं, आणि कोणी मध्ये तोडलं नाही. त्या बसून राहिल्या. वाक्य संपलं होतं, खोलीत तेवढंच होतं, आणि तिच्या जाण्यानंतर बाई पहिल्यांदा धाय मोकलून रडल्या.

बऱ्याच वेळाने कारकूनकाका दाराशी आले. त्यांनी आत पाहिलं, मग नजर खाली घातली.

"मॅडम, दार लावून घेऊ?"

बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"आता कशाला," त्या म्हणाल्या.