अम्माच्या घरी राहणारी परदेशी नागरिक

“व्हिच कंट्री, मॅडम?”

टेबलापलीकडच्या हवालदारांनी माझ्या पासपोर्टचं लाल कव्हर बघून इंग्रजीतच सुरुवात केली.

“जर्मनी,” मी म्हणाले. “पण मी सोलापूरचीच आहे. पूर्व भागातली.”

त्यांनी मान वर केली. पन्नाशीचे असतील, चष्मा कपाळावर सरकवलेला. “सोलापूरच्याच? मग हितं कशाला आलाय? हा तर परदेशी नागरिकांचा विभाग हाय.”

“म्हणूनच आलेय,” मी म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकून मला कसंतरीच झालं.

माझी आई, म्हणजे आमची अम्मा, मोरीत पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला मी पोचू शकले नाही. शेजारच्या खालांनी, उर्दूत खाला म्हणजे मावशी, सगळं निभावलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मी त्यांची एकुलती एक. तेव्हा नवऱ्याशी बोलून ठरवलं की निदान दोन वर्षं तरी सोलापुरात जाऊन राहायचं. नवरा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी तिकडेच राहिले. भारतीय वंशाच्या लोकांना कायमचं कार्ड मिळतं, ते काढायचं माझं आळसाने राहून गेलं होतं. घाईत जो व्हिसा मिळाला तो घेऊन निघाले. त्या व्हिशावर लांब मुक्काम करायचा तर पोचल्यावर थोड्याच दिवसांत पोलिसांकडे रहिवासी म्हणून नोंद करावी लागते. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच गावात त्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसणं वेगळं.

चोवीस वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका छोट्या गावात मी अशीच नोंद केली होती. नवीन लग्न, नवीन घर, बर्फ. नगरपालिकेतल्या बाईंनी घरमालकाचं पत्र घेतलं, शिक्का मारला आणि दहा मिनिटांत मी त्या गावची रहिवासी झाले. तेव्हा परकी म्हणून नाव लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं. परकी होतेच मी. उलट तो कागद हातात घेऊन नवऱ्याबरोबर केक खाल्ला होता.

हवालदारांनी कागदांची यादी दिली. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, पत्त्याचा पुरावा. मग म्हणाले, “आन घरमालकाचा फॉर्म. ज्यांच्याकडं उतरलाय त्यांनी कळवायचं असतंय, आमच्याकडं अमुक देशाचा नागरिक राहतोय म्हणून.”

“घरमालक म्हणजे माझी आईच आहे.”

“मग आईनं कळवायचं.” त्यांना बहुतेक माझा चेहरा दिसला. जरा खालच्या आवाजात म्हणाले, “नियम हाय, मॅडम. मी मंगळवेढ्याचा. माझी बहीण अशी आली असती तर तिलाबी हेच सांगितलं असतं.”

मी रिक्षात बसले. फॉर्मची भीती नव्हती. अम्माला हे काहीच माहीत नव्हतं, त्याची होती.

अकरा वर्षांपूर्वी मी जर्मनीचं नागरिकत्व घेतलं. नोकरीच्या दृष्टीने सोपं जात होतं, मुलगी तिथलीच होती, दर वेळी परवान्याच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला होता. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. त्याच सुमाराला वडील आजारी पडले. फोनवर कसं सांगायचं, म्हणून नंतर सांगू म्हटलं. मग ते गेले. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही असं मी स्वतःला पटवलं. मी दर दोन-तीन वर्षांनी महिनाभर येत होते, अम्मा शेंगाचटणी बांधून देत होती. पासपोर्टचा रंग तिने कधी बघितला नाही, मीही दाखवला नाही.

दुपारी तिचं जेवण झाल्यावर मी तिच्या पलंगाशेजारी बसले. फॉर्म मोबाईलवर भरायचा होता, पण तिच्या नावाने, तिच्या मोबाईलवरून. मी शक्य तितकं सहज म्हणाले, “अम्मा, पोलिसांना एक माहिती द्यायची आहे. तुझ्या घरी एक परदेशी नागरिक राहतेय म्हणून.”

“कोण राहतंय?”

“मी.”

ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. मी सगळं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. अकरा वर्षं जे सांगता आलं नाही ते पाच मिनिटांत संपलं.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. वडील मागावर टॉवेल विणायचे, अम्मा विड्या वळायची. पण अम्मा चिडली की मराठीत बोलते, कारण भांडण ती गल्लीत शिकली. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

“म्हंजी तू आता हितली न्हाईस?”

“कागदावर नाही.”

“तुझ्या वडलांना म्हाईत होतं?”

“नाही.”

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं होतं रडेल, शिव्या घालेल. ती नुसती भिंतीकडे बघत पडून राहिली आणि संध्याकाळी मी चहा नेला तर म्हणाली, “ठेव तितं.” मी उठवायला हात पुढे केला, तर खालांना हाक मारली. माझा हात तसाच राहिला. आईने आपला हात धरायचं नाकारावं, हे पन्नाशीत पहिल्यांदा घडत होतं.

फॉर्म दोन दिवस तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः मोबाईल माझ्यापुढे सरकवला. “लिही काय लिहायचं ते. दंड-बिंड नको.” मी लिहिलं. मुक्कामाचं कारण या रकान्यापाशी थांबले. अम्मा म्हणाली, “काय इचारतंय?”

“कशासाठी राहतेय ते.”

“मग सांग की, आई पडलीय.”

तसंच लिहिलं.

आठवड्याने हवालदार पत्त्याची खात्री करायला आमच्या गल्लीत आले. मी तेव्हा औषधं आणायला गेले होते. परत आले तर ते आमच्या दारासमोर उभे, आणि खाला त्यांच्या दारात कमरेवर हात ठेवून. खाला आमच्या शेजारी तीस वर्षं राहतात. शिलाईचं काम करतात. माझ्या लग्नातला ब्लाउज त्यांनीच शिवला होता.

“मावशी, नीट सांगा,” हवालदार म्हणत होते, “ह्या घरात जर्मनीची बाई राहते का न्हाई?”

“जर्मनी की कौन भी नई यहाँ!” खाला ठामपणे म्हणाल्या. “आजी है, आजी की बेटी है. बस. गोरी बाई देखी क्या तुम?”

“अहो, पण अर्ज आलाय!”

“किसी ने झूठा अर्ज दिया होगा. गल्लीतल्या लोकांना काय काम हाय दुसरं?”

हवालदारांनी खिशातून पेन काढलं होतं. आणखी एक मिनिट उशीर झाला असता तर ‘पत्त्यावर आढळून आली नाही’ असं त्यांनी लिहिलंही असतं. मी धावत पुढे झाले. “खाला, ती मीच आहे.”

खाला माझ्याकडे बघत राहिल्या. “तू?” त्या म्हणाल्या. “तू कैसी परदेशी?” आणि आत निघून गेल्या. अम्माने त्यांनाही सांगितलं नव्हतं. तीस वर्षं दोघींच्या दारात एकमेकींची भांडी फिरत होती, आणि हे तिने सांगितलं नव्हतं.

हवालदार आत आले, पाणी प्यायले. विजेचं बिल बघितलं. अम्मा वॉकर धरून पलंगाच्या कडेला बसली होती. ते तिला म्हणाले, “आजी, ही तुमची मुलगी हाय ह्याचा काय कागद हाय का? म्हंजे मला लिहायला बरं.”

“हाय की!” अम्मा म्हणाली. दहा दिवसांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तिने मला कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढायला लावली आणि स्वतःच्या हाताने उघडून आतल्या चिठ्ठ्या पलंगावर मांडल्या. मतदानाच्या चिठ्ठ्या होत्या. गेल्या कितीतरी निवडणुकांच्या. काही तिच्या नावाच्या, काही वडलांच्या, आणि बाकीच्या माझ्या. माझं माहेरचं नाव, वडलांचं नाव, घर क्रमांक.

“बघा,” अम्मा म्हणाली, “ही हितलीच हाय. सरकारनंच लिहून दिलंय.”

हवालदारांनी एक चिठ्ठी उचलली. मग दुसरी. चष्मा कपाळावरून खाली घेतला. मी लग्नाआधी, अठराव्या वर्षी नाव नोंदवलं होतं आणि नंतर कधी विचारही केला नव्हता. लग्न करून गेल्यावर निघालं असेल, असं धरून चालले होते.

“मॅडम, तुमी मत दिलं का? नागरिकत्व गेल्यावर?”

“नाही. कधीच नाही. मला हे नाव आहे हेच माहीत नव्हतं.”

“मग हे राहिलं कसं?”

अम्माने खाली बघत सांगितलं. याद्या तपासायला शाळेतल्या बाई दारावर यायच्या, ही मुलगी इथे राहते का विचारायच्या. अम्मा दर वेळी सांगायची, राहते की, कामाला पुण्याला गेलीय, येतीय. घर बघून, आईचा शब्द ऐकून त्या बाई पुढच्या दारी जायच्या.

“मी कुनाला तिचं मत टाकू दिलं न्हाई,” अम्मा म्हणाली. “नुस्ती चिठ्ठी घेऊन ठेवायची.”

“पण कशाला, अम्मा?” मी जवळजवळ ओरडलेच. “कशाला खोटं सांगितलंस?”

“ह्यांचं नाव मीच काढलं,” ती म्हणाली. ‘हे’ म्हणजे माझे वडील. “मेल्याचा दाखला घेऊन मीच गेले. तुझं काढलं तर यादीत ह्या घरात मी एकटी.”

हवालदारांनी चिठ्ठ्या गोळा करून नीट पिशवीत ठेवल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. “माझं काम पत्त्याचं,” ते म्हणाले. “पण हे नाव आजच्या आज काढायचा अर्ज करा. लपवू नका. तुमी स्वतःहून केलात तर गोष्ट वेगळी, दुसऱ्यानं दाखवली तर वेगळी.” दारापर्यंत गेले आणि वळून अम्माला म्हणाले, “आजी, पाय जपा.”

अर्ज मी त्याच दुपारी केला. त्यात नाव काढण्याच्या कारणांची यादी असते. मृत्यू, कायमचं स्थलांतर, आणि अशीच काही. त्यातलं एक, ‘भारतीय नागरिक नाही’. मी त्यावर खूण केली. आपल्याच नावावर आपणच आक्षेप घ्यायचा होता. बोट पडद्यावर टेकवताना वडलांचा मृत्यूचा दाखला आठवला आणि अम्मा तेव्हा एकटीच त्या कचेरीत कशी गेली असेल ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. तेव्हा मी फक्त बारा दिवस आले होते.

चार-पाच दिवसांनी शाळेतल्या बाई चौकशीला आल्या. अम्मा त्यांना म्हणाली, “बाई, लग्न होऊन सासरी गेली असं लिहा की. ते काय खोटं हाय?”

बाई घुटमळल्या. माझ्याकडे बघितलं.

“नाही, अम्मा,” मी म्हणाले. “जे आहे तेच लिहू दे.”

“मी इतकी वर्षं खोटं बोलले तुझ्यासाठी,” अम्मा म्हणाली, “आणि तू येवढंबी बोलत न्हाईस.” मग तिने पंचनाम्यावर सही केली. ती तेलुगूत सही करते. अक्षरं गोल, एकेक करून काढलेली.

माझा रहिवासाचा कागद मिळाला तो एक वर्षाचा. वर फोटो, राष्ट्रीयत्वासमोर जर्मन, आणि पत्ता मात्र आमच्या गल्लीचा. अम्माने तो वाचून दाखवायला सांगितलं. मी सगळं वाचलं. मुदत वाढवून मिळते हेही सांगितलं. मग तिने विचारलं,

“तिकडं तुला शपथ घालून काय वदवून घेतलं?”

मी सांगितलं. तिथली घटना आणि कायदे मानीन, त्या देशाचं वाईट करणार नाही, असं काहीसं.

“जर्मनीतच म्हन.”

मी आठवेल तसं म्हटलं. तिने डोळे मिटून ऐकलं, जणू देवळात कुणी संस्कृत म्हणतंय.

“आमाला सोडलं असं कुटं आलं त्यात?”

“असं नाही आलं.”

“पन पासपोर्ट तर दिलास.”

“दिला.”

तिने मला माफ केलं का, मला अजून माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. पण त्या संध्याकाळी खालांना हाक न मारता तिने माझ्याकडे हात पुढे केला, आणि मी तिला उठवलं. वॉकर धरून आम्ही दारापर्यंत गेलो. समोर खाला मशीनवर बसल्या होत्या. अम्मा कितीतरी दिवसांनी तेलुगूत मला म्हणाली की उद्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, डॉक्टरांनी सांगितलंय.