अनंताचा कान

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये गाडीतून वेगळा आवाज येऊ लागला, की लोक ती अनंताकडे नेत. पान्याला हात लावण्याआधी अनंता बॉनेट उघडायचा, डोळे मिटायचा आणि मान किंचित कलती करून ऐकायचा. "टॅपेट ढिली झालीय" किंवा "बेअरिंग गेलं" असं त्याने म्हणायचा अवकाश, शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातले सिंधी लच्छूशेठ तो पार्ट काढूनच ठेवत. अनंता जे सांगे ते कुणी पुन्हा तपासून पाहत नसे.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या भातशेती करणाऱ्या घरातला हा मुलगा. शेतावर डिझेलवर चालणारा पंप होता. तो बंद पडायच्या आधीच अनंताला चाहूल लागे, म्हणून वडील पंपाजवळ त्यालाच बसवत. पुढे शेतांत इमारती उभ्या राहिल्या, भाऊ जमिनीच्या व्यवहारात शिरले. अनंता मात्र इंजिनांच्या मागे गेला. आता साठी ओलांडली तरी शटर रोज स्वतः उघडायचा.

"पप्पा, बस झालं ना आता. घरी आराम करा," मुलगा कल्पेश म्हणायचा.

"घरी बसून काय ऐकू? तुझी बडबड?"

हे उत्तर गेल्या महिन्यापासून त्याने देणं सोडलं होतं. कारण होतं कुमुदिनीताईंची लाल गाडी.

कुमुदिनीताई अंबरनाथच्या. भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. पेटी मागच्या सीटवर ठेवून त्या गावोगावच्या कार्यक्रमांना जात. त्यांची गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि समोर पिवळा दिवा लागायचा. अनंताने स्कॅनर जोडला. मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गाडी उभी असताना आकडे बिघडलेले, रेस दिली की जवळजवळ ठीक. पेट्रोल कमी पडत असतं तर रेस दिल्यावर गाडी आणखी कुरकुरली असती. म्हणजे कुठल्या तरी फटीतून हवा चोरून आत जात होती. इंजिन मंद चालतं तेव्हा ती थोडी हवाही भारी पडते.

अशी फट फुसफुसते. अनंताने तशा कित्येक फटी नुसत्या ऐकून पकडल्या होत्या. या वेळी त्याने डोळे मिटले, मान कलती केली. फुसफुस नव्हती.

"हवा कुठनं शिरत नाय," तो म्हणाला. "हे मशीनच कायतरी बोलतंय."

मग त्याने फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, पंपाचं प्रेशर पाहिलं, लच्छूशेठकडून नवा सेन्सर आणून बसवला. दिवा विझायचा आणि गाडी अंबरनाथला पोहोचेपर्यंत पुन्हा लागायचा. आज गाडी परत यायची होती. सकाळी चहा घेताना त्याने बायकोला, वेणूला, सांगून टाकलं, "आज जमलं नाय तर शटर खाली. कल्पेशला सांग, बाप घरी बसतोय."

"बरं," म्हणून वेणूने कप उचलला. त्याचं त्याला जास्तच लागलं.

कुमुदिनीताई आल्या त्या हसतच. "अनंताभाऊ, ही माहेरवाशीण पुन्हा आली बरं का तुमच्याकडे."

"बसा ताई. आज निकाल लावतो. हिचा नायतर माझा."

त्याने इंजिन सुरू केलं आणि डोळे मिटले. ताई खुर्चीत बसल्या नाहीत, त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बॉनेट उघडं असताना त्या पहिल्यांदाच इतक्या जवळ आल्या होत्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "माझ्या पेटीचा भाता उसवला होता तेव्हा अस्साच आवाज यायचा."

"कसला आवाज?"

"हा काय. फुस्स, फुस्स. मोठा आहे की चांगला."

अनंताने डोळे उघडले. ताई थट्टा करत नव्हत्या. तो आणखी वाकला, कान जवळ नेला. इंजिनाची धडधड होती, पट्ट्याची घरघर होती. फुस्स नव्हती.

मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात गॅस न पेटता उघडा राहून फुसफुसत होता. अनंता तिथेच पेपर वाचत बसला होता, आणि वेणू अंगणातून आत येताच ओरडली होती, "अहो, ऐकू नाय येत काय तुमाला?" तेव्हा तो उलट तिच्यावरच डाफरला होता. आज ते आठवून त्याचे कान तापले. मशीन खरं बोलत होतं.

ताईंना "तुम्हाला भास होतोय" असं सांगणं सोपं होतं. कॅम्प चारमध्ये सगळ्यांनी त्याचंच खरं मानलं असतं. लच्छूशेठ तर दुकानाच्या पायरीवरून म्हणतही होते, "क्या हुआ साईं? सुनाई दिया कुछ?"

"नहीं दिया, शेठ," अनंता म्हणाला. मग ताईंकडे वळला. "ताई, मला येत नाय तो आवाज. कुठनं येतो ते तुम्ही दाखवाल काय?"

ताई पदर खोचून वाकल्या आणि ब्रेककडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपच्या बाजूला बोट केलं. "इथे कुठेतरी. नेमकं नाही हो सांगता येत."

नेमकं शोधणं अनंताचं काम होतं. पेट्रोलचा वास कुठे येत नाही ना, ते त्याने आधी नीट हुंगून पाहिलं. गॅरेजमधल्या देवासमोरची उदबत्ती उचलली आणि इंजिनाचा पंखा फिरू लागायच्या आत ती पाइपच्या कडेकडेने फिरवली. धूर सरळ वर जात होता. पाइप जिथे वाकतो तिथे, खालच्या अंगाला, तो एकदम वळला आणि दोऱ्यासारखा आत ओढला गेला.

उदबत्ती बाजूला ठेवून अनंताने त्या जागी बोट दाबलं. चीर हाताला लागली. थरथर थांबली, इंजिन शांत चालू लागलं, स्कॅनरवरचा आकडा उतरू लागला.

"बंद झाली फुस्स!" ताई ओरडल्या.

"मला हाताला कळली," अनंता म्हणाला.

लच्छूशेठनी दिलेला नवा पाइप बसवून गाडी दुपारच्या आत निघाली. ताईंचा संध्याकाळी फोन आला, की दिवा लागला नाही.

त्याच आठवड्यात अनंता वेणूबरोबर बदलापूरला कान तपासून घ्यायला गेला. काचेच्या खोलीत बसून, आवाज आला की बटण दाबायचं होतं. तपासणाऱ्या बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. खालचे, जाड आवाज चांगले होते. बारीक, वरचे आवाज गेले होते. कानाला मशीन लावलं तर त्यातलेही बरेच परत येतील, असं त्या म्हणाल्या.

अनंताने ती रेघ बोटाने पुन्हा पुन्हा पाहिली.

"म्हणजे टॅपेट माझी, बेअरिंग माझं," तो वेणूला म्हणाला. "गेली ती एक फुसफुस."

"आनि मी इतकी वर्सं बोलतंय ती?"

"तुझा आवाज जाड हाय. तो कुठं जातोय?"

वेणूने त्याच्या पाठीत धपका घातला. मग त्या बाईंना विचारलं, "मशीन कधी मिळंल? सोमवारी याना गॅरेज उघडायचा हाय."