साळूमामीचं पान

आमच्या वाल्मिकमामांनी जन्मात कधी स्वतःची जाहिरात केली नाही. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात तीस वर्षं कंपाउंडर होते, पण पाटीवर नाव डॉक्टरांचं. असा माणूस साठीनंतर मला म्हणाला, की इंटरनेटवर माझं पान वर आण, तेव्हा मला हसूच आलं.

पान सर्पदंशावर होतं. साळूमामीला बायांबरोबर उसात खुरपताना साप चावला, मामा त्या दिवशी कर्जतला गेलेले, आणि लोकांनी तिला आधी मांत्रिकाकडे नेलं. दोन तास तिथंच गेले, मामी वाचली नाही. नंतर मामांनी याला-त्याला विचारून हे पान केलं. हलू नका, जखम कापू नका, दोरी आवळू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. एवढंच. पण ते कुणाला सापडेना.

माझ्या मोबाईलवर तर पहिलंच येतं, असा मामांचा दावा. येणारच! ते रोज मामीचं नाव टाकूनच शोधत, आणि गल्लीतल्या सगळ्यांनाही सकाळी एकदा पान उघडायला लावत. मी श्रीरामपूरला दुकानांची पानं सांभाळते. माझ्या मोबाईलवर नुसतं 'साप चावला' टाकून दाखवलं, तर मांत्रिकांचीच पानं वर.

मग मी समजावलं. सोयरीक जमवताना आपण मुलाच्या घरच्यांना विचारून थांबत नाही, गावात चौकशी करतो. तसंच इथंही. आपलं पान आपणच शंभरदा उघडून भागत नाही, दुसऱ्यांच्या भरवशाच्या पानांनी आपल्याकडे बोट दाखवावं लागतं. मामा लाजतलाजत शाळेत गेले, साखर कारखान्यात गेले. दोघांनीही आपापल्या पानावर लिंक दिली. दोन महिन्यांत मामांचं पान बरंच वर सरकलं, आणि अडलं.

का अडलं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, सांगायचा धीर होत नव्हता. मथळा होता 'कै. सौ. साळूबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली हार घातलेला फोटो, मग फ्लेक्सवर असतात तशी सगळ्या नातेवाइकांची नावं, आणि कामाचं सगळं तळाशी. शेवटी एका दुपारी सांगून टाकलं, की घाबरलेला माणूस जे शब्द टाकतो ते मथळ्यात हवेत.

मामा कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. राहू द्या मामा, असं मी म्हणणारच होते. तेवढ्यात त्यांनीच नावं काढली, फोटो काढला, आणि एका बोटानं मथळा लिहिला: 'साप चावला, काय करू?'

"मामी कुठंच राहिली नाही," मी म्हणाले. मला रडू आवरेना.

"हाय की," मामा म्हणाले. "त्या दिवशी ती बायांना हेच इचारीत हुती, त्याच सांगत्यात."