एकोणीस बाळ्यांचा कान

दाव्रिक सोल्नच्या डाव्या कानात एकोणीस पितळी बाळ्या होत्या आणि तो त्या अशा मिरवायचा, जणू एकोणीस तट त्यानं एकट्यानं फुंकर मारून पाडले होते. खरं सांगायचं तर या माणसानं उभ्या आयुष्यात एक दगड हलवला नव्हता. खणणारे वेगळे, सुरुंग ठासणारे वेगळे, मरणारे तर वेगळे आणि पुष्कळ. दाव्रिकचं काम एवढंच की भुयाराच्या टोकाला पालथं पडायचं, खडकाला कान लावायचा आणि पलीकडे काय आहे ते सांगायचं. वेढेकऱ्यांच्या फौजेत अशा माणसाला कानकरी म्हणतात.

वेढेकऱ्यांना स्वतःबद्दल विचाराल तर दुपार जाईल. एकशे बारा वर्षांत आम्ही एकही वेढा हरलो नाही, सात ताऱ्यांवरचे तट आमच्या नावानं थरथरतात, वगैरे. पहिला गोळा सुटला की वेढेकऱ्याला पांढरं निशाण दिसत नाही, असा त्यांचा नेम. हा नेम त्यांच्या पोरांना अंगाईबरोबरच पाजला जातो. डोळे शाबूत असून आंधळं होण्याचा एवढा अभिमान बाळगणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

दाव्रिकही असाच एका नऊ वर्षं चाललेल्या वेढ्यात, चरात जन्मला. आई गोळे वाहायची. बाप कोण हे विचारायची तिथं पद्धत नव्हती. सहाव्या वर्षी कळलं की याला चार हात खडकापलीकडे उंदीर पळाला तरी ऐकू येतो. झालं, याचं भाग्य उजळलं. ज्या शहरावर रक्षणाचं अदृश्य छत्र असतं, तिथं वरून काही टाकता येत नाही आणि छत्राच्या गुणगुणीपुढे यंत्रं बहिरी होतात. माणसाचा कान तेवढा चालतो. म्हणून कानकऱ्याला पहिलं ताट, कोरडा बिछाना आणि प्रत्येक बरोबर निघालेल्या शब्दाला एक बाळी. शब्द चुकला तर मात्र तोच कान बाळ्यांसकट कापून घेतात.

दाव्रिकचा शब्द कधी चुकला नव्हता. त्याच्याकडे अभिमान बाळगण्यासारखं एवढंच होतं, आणि ते तो प्राणपणानं जपत होता.

त्याला हे काम शिकवलं तिश्कानं. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी आणि कानानं दुप्पट तीक्ष्ण. अकरा वर्षं दोघं एका बिछान्यात झोपले, एका ताटात करड्या बुरशीचं कालवण जेवले. मग वार्नच्या वेढ्यात भुयार ढासळलं आणि ती आत अडकली. दाव्रिकनं ढिगाऱ्याला कान लावला. तिचे ठोके स्पष्ट येत होते. वेढाप्रमुख ओर्दाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यानं खरं तेच सांगितलं: एक माणूस जिवंत आहे, काढायला चार दिवस लागतील. ओर्दाबाई म्हणाल्या, चार दिवस नाहीत. दाव्रिकनं बरं म्हटलं, गुडघ्यांवरची माती झटकली आणि जेवायला गेला. पुढं कुणी हटकलं तर तो म्हणायचा, "मी खोटं तर बोललो नाही ना?" त्याच्या मते तेवढ्यानं हिशेब मिटत होता. तिश्काला वार्नच्या लोकांनी पलीकडून उकरून काढलं, हे त्याला सहा वर्षं माहीत नव्हतं.

ते त्याला ओस्तिरच्या वेढ्यात कळलं, भर सकाळी.

भुयार ओस्तिरच्या दक्षिण तटाखाली पोहोचलं होतं. खणणाऱ्यांचा मुकादम हुर्क टोकाशी फावड्यावर रेलून बसला होता. त्यानं दाव्रिकला जागा करून दिली.

"या, सरकार. कान धुऊन आलात ना?"

"तू तोंड धुऊन आलास तरी पुष्कळ झालं," दाव्रिक म्हणाला. "बाहेर जा. तुझ्या श्वासाचा त्रास होतो."

"माझा श्वास चालू आहे याचाच तुला त्रास आहे," हुर्क पुटपुटला आणि माणसं घेऊन मागं सरकला.

दाव्रिक पालथा पडला. थोड्या वेळानं पलीकडून ठोके आले. ते वेढेकऱ्यांचेच ठोके होते, भुयारातल्या खुणेच्या बोलीतले, आपल्या माणसांनी आपल्या माणसांना द्यायचे. तोंडानं वेढेकरी वाटेल तेवढं खोटं बोलतात. तहात बोलतात, जेवताना बोलतात, मेलेल्यांच्या बायकांशी बोलतात. ठोक्यांत मात्र आजवर कुणी खोटं बोललेलं नाही, कारण भुयारात त्यावरच जीव टांगलेला असतो. लुच्च्यांच्या घरातली ही एकच सोवळी गोष्ट.

ठोके म्हणाले: दाव्रिक, मी तिश्का.

मग म्हणाले: इथं तीनशे माणसं आहेत. पोरं आहेत. दोन दिवस दे.

दोन दिवस देणं त्याच्या हातात होतं. खडक कच्चा आहे, टेकू लावावे लागतील, एवढं म्हणायचं. कानकऱ्याच्या शब्दावर दुसऱ्यानं कान लावायचा नाही, हा नियमच होता. कच्चा खडक खोटा कुणी ठरवला असता? टेकू लावल्यावर कुठलाही खडक पक्काच असतो. कान गेला नसता आणि विसावी बाळीही आज ना उद्या आली असती.

पण हा शब्द खोटा ठरला असता, निदान त्याच्यापुरता. दुसरीकडे खरं सांगितलं तर काय होणार, हेही त्याला पाठ होतं. कानकऱ्यानं "रिकामं" म्हटलं तर सुरुंग एकेरी. "भरलेलं" म्हटलं तर दुहेरी, आणि चारही बाजूंचे पहारे उठवून सगळी फौज त्याच भुयाराच्या तोंडाशी आणायची, म्हणजे आतले लोक विव्हळत असतानाच आत घुसता येतं. वेढेकरी याला कसब म्हणतात.

त्यानं पुन्हा कान लावला. एकदा त्याला वाटलं, ठोका जरा ओला येतोय, जवळपास पाणी असल्यासारखा. एरवी याच ओलेपणावर त्यानं अर्धा दिवस काढला असता. पण ठोक्यांनी माणसं म्हटलं होतं, आणि ठोके खोटं बोलत नाहीत. कानाला बाजूला सारून दाव्रिकनं आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवला.

तिला त्यानं उत्तर दिलं नाही. उठला, माती झटकली आणि सरळ ओर्दाबाईंच्या मचाणाकडे गेला.

"बोल," ओर्दाबाई म्हणाल्या. त्यांच्यापुढं नकाशा होता.

"भरलेलं."

"किती?"

"तीनशे. पोरं धरून."

"बरं झालं. मला वाटलं तू खडक कच्चा म्हणतोस आणि माझे दोन दिवस खातोस." त्यांनी उत्तरेच्या पहाऱ्यालाही बोलावणं धाडलं. "जेवून घे. तुझं काम संपलं."

सूर्य माथ्यावर असताना दुहेरी सुरुंग उडाला. दाव्रिक मचाणावर होता, कारण शब्द दिल्यावर कानकऱ्यानं मागं राहायचं असतं. तट छान पडला. पण त्या भगदाडातून किंकाळ्या आल्या नाहीत. पाणी आलं. ओस्तिरचा अख्खा तलाव त्या तटाआड साठवलेला होता. दुहेरी सुरुंगानं त्याचा तळच फोडला. पाणी भुयारात घुसलं, चरांत घुसलं, तोंडाशी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या चारशे वेढेकऱ्यांना घेऊन उताराला लागलं. हुर्क पहिल्या रांगेत होता.

पाणी ओसरून फौज शहरात शिरली तेव्हा चुली गरम होत्या आणि माणूस नव्हतं. उत्तरेच्या जुन्या नाल्याचं झाकण सताड उघडं होतं आणि तिथला पहारा दक्षिणेला बोलावलेला. एकशे बारा वर्षांच्या फौजेच्या तोंडाला पानं पुसून ओस्तिर पायी चालत निघून गेलं होतं. सापडला तो फक्त एक म्हातारा. त्याचे गुडघे गेले होते, म्हणून तो आपल्या ओट्यावर वाटी घेऊन बसला होता. त्याला वाटीसकट दाव्रिकच्याच कोठडीत टाकलं. दाव्रिक कान कापणाऱ्याची वाट पाहत होता.

ओर्दाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "चुकलास." चारशे माणसांवर त्यांनी याहून जास्त शब्द खर्चले नाहीत.

दाव्रिक म्हाताऱ्याकडे वळला. म्हणाला, "तिनं ठोक्यांत खोटं सांगितलं. वेढेकरी असून."

"वार्नहून आली ती आमचीच झाली, वेढेकरी कुठली आता?" म्हातारा म्हणाला. "आणि ती खोटं कमीच बोलली. माणसं होतीच, पोरंही होती. फक्त तिथं नव्हती."

"तिनं मला फसवलं."

"नाही रे बाबा. दोन दिवस मागितले ते खरेच मागितले. दिले असतेस तर आम्ही रात्री पहाऱ्याची नजर चुकवून सावकाश निघालो असतो, दोघातिघांनी मलाही पाठीवर घेतलं असतं. मग रिकाम्या शहराला एकेरी सुरुंग लागला असता आणि तलाव जागच्या जागी राहिला असता. तुझी माणसं आज जेवायला असती, आणि तुझा कानही." त्यानं वाटी तोंडाला लावली, पुन्हा खाली घेतली. "तू सांगितलंस तर उत्तरेचा पहारा उठणार होता. मग पळत सुटायचं. तिनं दोन्हीची तयारी ठेवली होती."

दाव्रिकनं हळूच विचारलं, "तिला काय वाटत होतं? मी काय करीन?"

"मी तिच्याशी पैज लावायला गेलो होतो. म्हटलं, अकरा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस आहे, दोन दिवस देईल. माझे गुडघे असे, मला तसं वाटायलाच हवं होतं." म्हातारा जरा हसला. "ती पैज लावेना. म्हाताऱ्या माणसाला कशाला लुबाडू म्हणाली. लोकांना सांगितलं, गाठोडी बांधत बसू नका, तो संध्याकाळच्या आत सांगेल."

बाहेर कुणीतरी दगडावर सुरी घासत होतं.

"तू तर दुपारचं जेवणही होऊ दिलं नाहीस," म्हातारा म्हणाला आणि वाटीतलं उरलेलं कालवण प्यायला लागला.