टिकली नसलेल्या दहा चिपा

१९९७ मधल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, बंगळुरूच्या राजाजीनगरमध्ये माझ्या मित्राने स्वतः लिहिलेला व्हिडिओ गेम स्वतःच्या हाताने पुसून टाकला. दहाच्या दहा प्रती. त्या अकरा वाजता वाटायच्या होत्या, आणि मंगळवारी परदेशातल्या नोकरीसाठी त्याचं विमान होतं.

गेम एका जुन्या यंत्रासाठी होता. लाकडी पट्टीचं, टीव्हीला जोडायचं, कंपनीने केव्हाच बंद केलेलं. शहरात ते कोणाकोणाकडे आहे हे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या अण्णांना ठाऊक होतं, कारण बिघडलं की ते त्यांच्याकडेच येई. त्यातल्या आठ जणांना त्यांनी त्या रविवारी बोलावलं होतं. अण्णांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलंच. दुकान पुढे, घर मागे. मित्र नागपूरचा, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात प्रोग्रामर. सात महिन्यांचे रविवार खर्चून त्याने चार किलोबाइटांत एक झुरळ आणि एक चप्पल बसवली होती. खेळणाऱ्याने झुरळ व्हायचं आणि चप्पल चुकवायची. हे त्याने फक्त कॉम्प्युटरवर पाहिलं होतं. खऱ्या यंत्रावर एकदाही नाही, कारण अण्णांची अट होती: नारळ फोडल्याशिवाय पहिला डाव नाही.

गेम ज्या चिपेत भरायचा, तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला की चिप कोरी होते. अण्णांनी पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली नळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली होती. भंगारातल्या चिपा त्यात वीस मिनिटांत कोऱ्या होत. भरलेल्या चिपेची खिडकी झाकायला अण्णांची बायको, आमची अक्का, आपल्या टिकल्या देई. त्यावरून दुकानात नियम पडला: टिकली असेल ती भरलेली, नसेल ती डब्यात.

त्या सकाळी अण्णा नारळ आणायला गेले होते. भरलेल्या दहा चिपा टेबलावर होत्या. कुठे गोल टिकली, कुठे लांबट, कुठे खडा पडलेली. पाहुण्यांना असं देणं अक्काला पटेना. तिने सगळ्या टिकल्या सोलून काढल्या आणि एकसारख्या टिकल्यांचं नवं पाकीट आणायला ती आत गेली. आत कुकरची शिट्टी झाली. बाहेरून मित्र आला.

"अबे, अण्णानं भंगारातल्या ह्या तशाच ठेवल्या का?" म्हणत त्याने दहाही चिपा डब्यात मांडल्या आणि बटण दाबलं. मी शेजारीच लेबलांना खळ लावत होतो. नियम मलाही माहीत होता, म्हणून मी खळ लावतच राहिलो. आम्ही कॉफी प्यायलो.

पाकीट घेऊन आलेल्या अक्काने टेबलाकडे पाहिलं. "माझ्या चिपा कुठे गेल्या रे?"

"कोणत्या?"

"भरलेल्या. टिकल्या बदलायला काढल्या होत्या मी."

मित्राने डबा उघडला. "अक्का, मीच मारून टाकलं ना माझं झुरळ."

मग तो हसायला लागला. मग मी. मग अक्का, पदर तोंडाला लावून. नारळ घेऊन आलेले अण्णा दारातच थांबले.

"स्वल्प मला पण सांगा की."

सांगितल्यावर ते हसले नाहीत. "गेमची फ्लॉपी?"

"खोलीवर."

"खोली?"

"बोम्मसंद्रा."

म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अण्णांनी स्कूटरची किल्ली फेकली. "राहुकाळ साडेचारला. तोवर नारळ थांबतो. जा."

आठही पाहुणे वेळेवर आले. एक जण होसकोट्याहून, बसने, मांडीवर यंत्र घेऊन. अक्काने उप्पिट वाढलं.

"गेम कुठाय?"

"बोम्मसंद्र्याहून येतोय," अण्णा म्हणाले.

"चालत?"

"सरी, बरं, अजून थोडं उप्पिट घ्या."

पाऊण वाजता मित्र आला. फ्लॉपी पिशवीत, पिशवी शर्टात. पहिली चिप भरायला दोन मिनिटं लागली. अक्काने टिकली लावली, अण्णांनी नारळ फोडला, यंत्र सुरू केलं. पडदा काळा. मित्राने माझा दंड घट्ट धरला.

मग झुरळ आलं. जांभळं.

"जांभळं काऊन?" मित्र ओरडला. कॉम्प्युटरवर ते तपकिरी होतं.

"आपल्या टीव्हीचे रंग वेगळे," अण्णा म्हणाले.

"वांगं पळतंय!" अक्का म्हणाली.

होसकोट्याचे पाहुणे खुर्चीवर चढले. दुसऱ्या कोणीतरी खरी चप्पल काढून पडद्यासमोर नाचवली. मित्र हसत होता, डोळे पुसत होता आणि खेळतही होता. त्याचं झुरळ नऊ सेकंद जगलं. "पुन्हा! पुन्हा!" सगळे ओरडले. दुसऱ्या डावात सात.

दोनपर्यंत दहाही चिपा भरून झाल्या. त्या बसवायला जुन्या खेळांची रिकामी खोकी नऊच होती. आठ पाहुण्यांना गेली, एक अण्णांकडे राहिलं. दहावी चिप सुटीच मित्राकडे गेली. मंगळवारी विमानतळावर ती त्याच्या हातपिशवीत होती. खिडकीवर एकावर एक तीन टिकल्या होत्या.