रहीमभाऊंच्या पायांवरचं पाणी

रहीमभाऊंवर अन्याय झाला. कधी, तर ऐन पोळ्याच्या दिवशी, दुपारी. वडिलांना माती देऊन ते कब्रस्तानातून बाहेर पडत होते, तेवढ्यात फोन आला: बदली ड्रायव्हर नाही, उद्या सकाळी रुग्णवाहिकेवर हजर व्हा. त्याच गाडीवर मी डॉक्टर आहे. आमच्या कर्मचारी संघटनेची पत्रकं मीच लिहिते, त्यामुळे हे कळताच पत्रकाची पहिली ओळ डोक्यात तयार झाली. ओळ सुचली, वाईट मात्र वाटलं नाही.

वाईट वाटणं माझं कधीचंच आटलं होतं. पूर्वी सायरन लागला की ओठांवर रेणुकामायचं नाव यायचं. चिखलीच्या तिच्या देवळात आई लहानपणापासून न्यायची, तिथून ते जिभेला चिकटलं होतं. पेशंट कोण, दारू पिऊन पडला की विष घेऊन, काही न बघता मी त्याला तिच्या पदरात टाकायची आणि मग हात कामाला लावायची. पण एक गाडी, दोन माणसं, आणि एवढ्या गावांची दुखणी. एकाचं रक्त स्ट्रेचरवरून पुसून होत नाही तो दुसऱ्याचा फोन. कधीतरी ते नाव यायचं थांबलं. हात चालायचे, चुकायचेही नाहीत, पण आत कोणी नसायचं. सासरी अडकलेल्या पोरीला माहेर आठवावं, तशी मला त्या नावाची आठवण यायची. देवळात जाऊन मुद्दाम म्हणून पाहिलं. नुसती जीभ हलली. वरिष्ठ म्हणाले, "सवय होते, मॅडम." सवय झाली होती, तेच तर दुखणं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी सुलतानपूरहून फोन आला. एक म्हातारा गोठ्यासमोर कोसळला होता. रस्ताभर मी रहीमभाऊंना काही विचारलं नाही. पोचलो तेव्हा बैलांच्या शिंगांवर कालचा रंग तसाच होता. मी अंगणातच त्याची छाती दाबायला लागले. मी दमले की रहीमभाऊ, ते दमले की मी. माणूस हाती आला नाही. तसं मी सांगितलं, घरात आकांत झाला, आणि आम्ही नेहमीसारखे मान खाली घालून गाडीकडे निघालो.

"थांबा. काऊन पळून राह्यले?"

म्हाताऱ्याची थोरली बहीण होती. घरातले सगळे तिला आत्या म्हणत होते. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्यात कडुलिंबाची डहाळी. आमच्याकडे मयतीहून परतलेला माणूस पाय धुऊन, लिंबाचा पाला चावूनच उंबरा ओलांडतो. पण आम्ही कुठे मयतीचे? आम्ही तर गाडीवाले.

"आम्हाला घाई आहे, आत्या," मी म्हटलं.

"त्याच्या छातीवर तुमचे हात होते वं माय. शेवटी तुमीच होते त्याच्यापाशी. तुमी मयतीचे नाही त मंग कोन? पाय पुढं करा."

रहीमभाऊ मागे सरले. "माय, मी मुसलमान हाव."

"मंग? तुले लिंब गोड लागते काय?"

ते हसले, आणि म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुया घरचंच कोनी गेल्यावानी दिसून राह्यलं, बाबू."

"हाव, माय," रहीमभाऊ म्हणाले. "माया बाप गेला. काल माती देली."

तिने स्वतःच्या भावाचं प्रेत मागे ठेवून या परक्या माणसाच्या पायांवर पाणी ओतलं. डोक्यावर हात ठेवला. रहीमभाऊ तिथेच खाली बसून रडले. मग तिने माझ्यापुढे तांब्या धरला. मला पाय पुढे करवेना. इतकी वर्षं मी देणारी, घेण्याची सवयच नाही. शेवटी चपला काढल्या. पाणी पडलं, पाला चावला, तो कडूजहर रस घशात उतरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. पाल्यामुळेच असेल. पण रेणुकामायचं नाव त्याच्याबरोबरच आलं, मी न बोलावता.

तेवढा सगळा वेळ आमचा फोन वाजला नाही. तो कधी एवढा गप्प राहत नाही. गाडीत बसलो आणि वाजला, एका बाळंतिणीसाठी. निघालो. वाटेत मी रहीमभाऊंना त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं. ते बोलत राहिले.

अजूनही ते नाव रोज येत नाही. कितीतरी दिवस कोरडे जातात आणि मी वाट बघते. पण आता ते ओढून आणत नाही. शरण जायचं म्हणजे काहीतरी वाहायचं, अर्पण करायचं, असंच मला वाटायचं. त्या अंगणात मला नुसते पाय पुढे करायचे होते, आणि तेच किती जड गेलं. त्या माउलीचे उपकार मी कशाने फेडणार?

आता तुम्हाला सांगते. गाडी तुमच्या अंगणातून निघेल तेव्हा तिच्यातल्या दोघांना थांबवा, पायांवर तांब्याभर पाणी घाला. आणि कब्रस्तानातून निघालेल्या माणसाला गाडीवर का बोलावलं, दुसरा ड्रायव्हर का नाही, हे आमच्या कार्यालयात जाऊन विचारा. आम्ही विचारून थकलो. तुम्ही विचारा.